रिकामी वाटी पाठवत नाहीत

चंदनसार, विरार (पूर्व)
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय कॅथरिन,

पत्र पाहून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. आपण दोघी एकाच महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो आणि मी तुला टपालाने पत्र पाठवतेय, म्हणजे राऊतबाईंचं डोकं फिरलं असं तुला वाटणार. तसं काही नाही. मी फक्त चित्रकार झालेय.

हसून घेतलंस? आता पुढे वाच.

हे क्षितिजाचं काम. पुण्याहून रोज फोन करून "आई, तू स्वतःला कशात तरी गुंतव" असं म्हणून म्हणून लेक दमली, तेव्हा तिने मला न विचारता सोसायटीतल्या पेन्सिलवर्गात माझं नाव घातलं. वर्ग पंपरूमच्या शेजारच्या खोलीत भरतो. शिकवणारी उन्नती तळमजल्यावर राहते, नुकतीच चित्रकलेचं शिक्षण संपवून आलीय. विद्यार्थी सगळे गुडघे धरून बसणारे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "घरातली रोजच्या वापरातली एक छोटी धातूची वस्तू आणा. देवबिव नकोत, शोपीस नको." ए विंगचे हरिभाऊ नेलकटर घेऊन आले. त्यांचं नेलकटर मगरीसारखं दिसतं, पण निदान प्राणी ओळखू येतो. मी स्टीलची वाटी नेली.

मला वाटलं, वाटीत काय आहे काढण्यासारखं? वर गोल, खाली गोल, मध्ये पोट. जन्मभर पोरांना वर्तुळाची प्रमेयं शिकवली. पण वाटी समोर ठेवून बघितली की तिचं तोंड गोल दिसतच नाही, लांबट दिसतं, आणि ते लंबवर्तुळ हाताने काढायला गेलं की एका टोकाला बटाटा होतो आणि दुसऱ्या टोकाला होडी. मी गुपचूप कंपास काढला. उन्नतीने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. शाळेत मी पोरांचे मोबाइल घ्यायचे ना, अगदी तसाच चेहरा केला होता तिने.

चित्र सोबत आहे. मोबाइलवर पाठवलं असतं, पण मग तू एक अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस. शिवाय फोन आला की तू आधी "जेवलीस का?" विचारतेस आणि मग बोलणं भलतीकडे जातं. मला तुझा शेरा हवाय. मराठीच्या टीचरचा, लाल शाईतला.

वाटी ओळखलीस ना? तुझीच. काठाला चेपलंय आणि बुडाला टिंबाटिंबांनी तुझ्या आईचं नाव कोरलंय, एलिसा. मार्चमध्ये चंद्रहास गेले, आमची चूल बंद होती, तेव्हा तू पेज आणली होतीस आणि सोबत हिच्यात कैरीचं लोणचं. तेव्हापासून ती खिडकीशी पालथी आहे. आमच्या वाट्यांत मी तिला मिसळत नाही, परक्या घरची लेक. रिकामी परत करायची नाही आणि भरून द्यायला मनासारखं काही होत नाही, म्हणून राहिली. वेळच मिळत नाही गं. रोजचा स्वयंपाक, वर्ग, दुपारी सराव. परवा तर पुरणपोळ्या केल्या. एकटीसाठी कुणी करतं का? मी केल्या.

शेरा पाठव. दया दाखवू नकोस.

तुझी,
सीमा


उमेळे, वसई
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय सीमा,

तुझं पाकीट हातात देताना पोस्टमन घाबऱ्या आवाजात म्हणाला, "टीचर, कोर्टाचं नाय ना?" हाताने लिहिलेला पत्ता त्याने बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा.

आधी पत्राविषयी. शुद्धलेखन चांगलं. गणिताच्या बाईंकडून एवढी अपेक्षा नव्हती. आता चित्र. काठ थरथरलाय, सावली वाटीची आहे की वाटीखालून काही सांडलंय ते समजत नाही. पण चेपलेली जागा तू हुबेहूब उतरवलीस. लहानपणी माझ्या भावाने, डिलनने, त्या वाटीने भिंतीत खिळा ठोकला होता आणि आईने त्यालाच ठोकला होता. चित्र बघून मला तो आवाज ऐकू आला. तेवढ्यासाठी पास करते.

पण बाई, एक गोष्ट मला पटली नाही. तू मला रिकामी वाटी पाठवलीस!

माझ्या आईची वाटी गावात कितीतरी घरांत फिरली, पण रिकामी कधी परत आली नाही. हिंदूंच्या घरातून आली तर तिळगूळ, आमच्या लोकांकडून आली तर नाताळातली करंजी, आणि ज्या घरात काहीच नसायचं तिथून मूठभर तांदूळ नाहीतर वाडीतल्या अबोलीची फुलं. आणि तू? टपालखर्च करून रिकामी पाठवतेस? कागदावरची झाली म्हणून काय झालं? वाटी ती वाटी. मी ते चित्र ताटाळ्यात उभं करून ठेवलंय, येता-जाता मला तिचं उघडं तोंड दिसतं आणि राग येतो.

आणि पुरणपोळ्यांचं काय म्हणालीस? शाळेत डबा उघडताना तूच सांगायचीस, "पुरण यांनी वाटलंय, मी नुसती लाटलीय." या वेळी पुरण कोणी वाटलं?

दुसरं चित्र काढ. भरलेलं.

तुझी,
कॅथरिन


चंदनसार
२ डिसेंबर २०२५

प्रिय कॅथरिन,

पुरण मिक्सरमध्ये वाटलं. झालं समाधान?

तुझ्या पत्राने माझी वर्गात काय शोभा झाली ते ऐक. मी उन्नतीला सांगितलं की रिकामी वाटी आमच्यात पाठवत नाहीत, मला भरलेली काढायचीय. ती म्हणाली, "काकू, आधी रिकामी तर येऊ दे." पण मी ऐकते का? आधी दही काढलं. पांढऱ्या कागदावर पांढरं दही. हरिभाऊंनी बराच वेळ निरखून विचारलं, "यात काही घालायचं राहिलंय का?" मग गूळ काढला. तो वीट झाला. लाडू काढला, तर वाटीत बॉल बसवल्यासारखा दिसायला लागला आणि पलीकडच्या काकूंनी "नातवासाठी का?" असं मायेने विचारलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझं अंगण सपाट आहे गं, मीच वाकडी.

शेवटी घरी बसून वालाचं बिरडं काढलं. आधी केलं, मग काढलं. वाल भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलला, नखं दुखली. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. वास असा सुटला की समोरच्या फ्लॅटमधले येऊन बेल वाजवतील असं वाटलं. वाटीत वाढलं आणि गरमगरम समोर ठेवून काढत बसले. एकेक दाणा वेगळा काढलाय, मोजून बघ.

आणि या वेळी नवीन धडा शिकले. वाटीचं पोट मी आधी नुसतं करडं घासून काढायची. उन्नती म्हणाली, "काकू, स्टीलला स्वतःचा रंग नसतो. समोर जे असतं तेच त्यात दिसतं. काळं दिसलं तर काळं काढा, वाकडं दिसलं तर वाकडं. हे काय आहे, ते काय आहे, असं विचारू नका. प्लीज, डोकं वापरू नका." हे वाक्य माझ्या आयुष्यात मी पोरांना कधी म्हणाले नव्हते, पण मला फार आवडलं. डोकं बाजूला ठेवलं आणि दिसतील ते पट्टे आणि डाग काढत गेले. कसले आहेत ते मलाही माहीत नाही. लांबून बघितलं तर चक्क चकाकते गं वाटी! मी उठून दाराशी गेले, तिथून बघितलं, परत आले, परत गेले. चंद्रहास असते तर म्हणाले असते, चित्र बघतेस की शतपावली करतेस?

घे तुझी भरलेली वाटी. आता तरी त्या ताटाळ्यातली बदल.

तुझी,
सीमा


उमेळे
१२ डिसेंबर २०२५

प्रिय सीमा,

चित्र चांगलं आहे. खरंच चांगलं आहे, हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तू कागद फाडशील.

मी चष्मा पुसला, खिडकीशी गेले आणि तुझं बिरडं बघितलं. सीमा, तुझ्या वाटीतल्या वालांना सालं आहेत. एकाही दाण्याला मोड नाही. सोलून नखं दुखली म्हणतेस, आणि दाणे सगळे गुळगुळीत, कोरडे, बरणीतून ओतल्यासारखे. तुझ्या घरचं बिरडं मी वर्षानुवर्षं खाल्लंय. सालासकट वाल कुणी वाढले असते तर तूच उठून गेली असतीस.

मग मी वाटीचं पोट बघितलं. तुला ते डाग कसले ते माहीत नाही, मला कळले. डावीकडे तीन मजल्यांची उभी आकृती आहे, दोन्ही बाजूंना कान, वर कडी. तो जेवणाचा डबा आहे. खानावळीतून येतो तसला. त्याच्याशेजारी शेगडी आहे, आणि शेगडीवर आडवी फळी टाकून तिच्यावर पेन्सिलींचा पेला ठेवलाय. फळीखालून बर्नरचे गोल डोकावतात, तेसुद्धा तू इमानेइतबारे काढलेत. म्हणजे तू शेगडीचं टेबल करून चित्रं काढतेस. मग बिरडं कशावर शिजलं?

खोटं बोललीस म्हणून मी रागावले नाही. पुरणपोळ्यांच्या वेळीच मला शंका आली होती. राग याचा आला की मी मार्चपासून दर वेळी "जेवलीस का?" विचारते, तू दर वेळी "हो" म्हणतेस, आणि मी खुळ्यासारखी फोन ठेवून देते. ज्या बाईने स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या डब्यात बोट घालून "यात हिंग कमी आहे" म्हणायचं, ती बाई कुणाच्या तरी डब्यातली पिवळी भाजी खाते आणि मला सालांसकट वाल पाठवते. मला फार वाईट वाटलं, सीमा. मी दुपारी जेवले नाही. हे तुला लागावं म्हणूनच लिहितेय.

काय झालंय ते सांग. घर आवरायचं काम काढलंय, हातात धूळच धूळ आहे, पण तुझं पत्र आलं की हात धुऊन बसेन.

तुझी,
कॅथरिन


चंदनसार
२० डिसेंबर २०२५

प्रिय कॅथरिन,

कागद फाडला नाही. फक्त उन्नतीवर चिडले. "डोकं वापरू नका" म्हणाली आणि बघ काय होऊन बसलं. डोकं वापरलं असतं तर तो डबा मी फ्रिजमागे ठेवला असता. मास्तरकी एवढी केली आणि कॉपी पकडली गेली ती स्वतःच्याच हस्ताक्षरात!

तर ऐक. डबा येतो. एप्रिलपासून येतो. पिवळी भाजी सोमवारी आणि गुरुवारी, बाकीच्या दिवशी तीच भाजी लाल असते. शेगडीवर फळी आहे, कारण ओट्यावरच्या खिडकीतून उजेड चांगला पडतो, आणि शेगडीचं दुसरं काही काम नव्हतं. वाल बरणीतलेच. तुला सालं दिसतील हे माझ्या लक्षातच आलं नाही, म्हणजे मी बिरडं कसं दिसतं हेही विसरले.

का, ते सांगायला लाज वाटते. तू हसशील, आणि हसलीस तर बरंच होईल.

मी आयुष्यात कधी मीठ चाखलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचा दंडक होता, शिजवताना चाखायचं नाही, नैवेद्याआधी उष्टं होतं. त्या गेल्या, नैवेद्य सणावारापुरते उरले, पण माझी जीभ काही सुटली नाही. चाखायचे चंद्रहास. पेपर टाकून यायचे, मी पळीतलं थेंबभर त्यांच्या तळहातावर घालायची, आणि ते "घाल" नाहीतर "पुरे" म्हणायचे. बस. तेवढ्यावर आमचा संसार चालला. डब्यातल्या भाजीला तुम्ही सगळ्या वाहवा म्हणायचात, ते मीठ त्यांचं असायचं. तुमच्या डब्यांत बोट घालायचे, कारण ते झालेलं अन्न असायचं. स्वतःचं होत असलेलं कधी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ते गेल्यावर, सगळे पाहुणे परतल्यावर, एकदा मी आमटी केली. उकळी आली, पळी भरली आणि सवयीने वळले. पळी तशीच हातात. समोर फ्रिज. आमटी ओतून दिली, शेगडी घासूनपुसून लख्ख केली आणि खानावळीला फोन लावला. मला त्यांची आठवण येते गं कॅथरिन. फोटोसमोर येत नाही तेवढी ओट्यासमोर येते. तुझी वाटी भरून द्यायची तर पळी घेऊन तिथे पुन्हा उभं राहावं लागेल, म्हणून वाटी राहिली.

हे झालं माझं. आता तुझं. काल बाजारात तुमच्या उमेळ्याची यमुना भेटली, ती वांगी घेऊन बसते ना विरारला. मी नुसतं म्हटलं, कॅथरिन टीचर बऱ्या आहेत ना? तर म्हणाली, "टीचर आता कुटं इथं ऱ्हातंय! पोरीकडं जानार ना, विमानानं. घरातली भांडी वाटतेय. माला ह्यो एवढा टोप दिला, पानी तापवायला."

घर आवरतेस म्हणे. धूळ आहे म्हणे. माझी सालं तुला दिसली, आणि तू स्वतः सालाखाली काय लपवलंस? शर्लीकडे कायमची चाललीयस आणि मला भाजीवालीकडून कळतं? मला राग आलाय. आणि भीती वाटतेय, तेही लिहिते. तू गेल्यावर मला "जेवलीस का?" कोण विचारणार? खोटं तरी कुणाशी बोलू?

सीमा


उमेळे
२८ डिसेंबर २०२५

प्रिय सीमा,

नाताळच्या मिस्सेला, चर्चमध्ये, तुझं पत्र पर्समध्ये होतं. फादर शांतीविषयी बोलत होते आणि मी मनात तुला उत्तर लिहीत होते, त्यामुळे प्रवचन हुकलं.

हो, जातेय. जानेवारी संपता संपता. मेलबर्नला. गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत, विहिरीवरचा पंप चालू करायला गेले तर परत यायला शेजारी बोलवावा लागतो, आणि मागच्या वाडीत इमारत उभी राहिल्यापासून दुपारी केळीवर ऊनसुद्धा येत नाही. शर्ली दोन वर्षं मागे लागली होती. शेवटी हो म्हटलं. तिच्या घरी शेगडीला आगच नाही म्हणे, काच तापते. काचेवर मी बोंबील कसे भाजू? तिने सांगितलंय, "मम्मी, इथे तुला काही करावंच लागणार नाही." तिला वाटतं ही सुखाची बातमी आहे.

तुला का नाही सांगितलं? आधी वाटलं, वेळ आहे. मग तुझं पत्र आलं, वाटीचं. मी इतकी खूश झाले की म्हटलं पुढच्या पत्रात सांगू. मग वाटीच्या पोटात तो डबा दिसला, आणि जी बाई जेवत नाही तिला "मी चालले" असं लिहायला माझा पेन उठला नाही. मराठीची टीचर म्हणे! पोरांना निबंधात सांगायची, मुद्द्याचं आधी लिहा.

मिठाच्या गोष्टीला मी हसले नाही. पण चिडले चंद्रहासभाऊजींवर. एवढा शहाणा माणूस, जाताना बायकोला चाखायला शिकवून जायला काय झालं होतं?

आता मुद्द्याचं. चित्र पाठवू नकोस. वाटी घेऊन ये. भरून. तू स्वतः ये. मीठ मी बघेन.

तुझी,
कॅथरिन


चंदनसार
६ जानेवारी २०२६

प्रिय कॅथरिन,

रविवारी येते. हे पत्र वेळेत पोहोचलं नाही तर मीच पोहोचेन.

वाल निवडून ठेवलेत. उन्नतीला या आठवड्यात वर्गात येणार नाही म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "काकू, आत्ता कुठे काठ जमायला लागलाय." मी म्हटलं, काठ जमला गं, मधलंच राहिलंय. एवढं भारी वाक्य तोंडातून गेल्यावर मी जिना चढताना दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. रिकाम्या पोटी माणूस तत्त्वज्ञानी होतो.

बिरडं करीन, मीठ घालणार नाही. तसंच आणीन. तुझ्या घरी मीठ शिल्लक ठेव, तेही यमुनेला देऊन टाकू नकोस.

सीमा


उमेळे
१९ जानेवारी २०२६

प्रिय सीमा,

त्या रविवारी तू दारात उभी राहिलीस तेव्हा मला आधी तू दिसली नाहीस, दोन्ही हातांत धरलेली वाटी दिसली. रिक्षात अर्धं बिरडं साडीवर सांडलेलं, आणि तू म्हणत होतीस, "चित्रात नाही सांडत, हा एक फायदा असतो." किती वाळलीयस गं. मी तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

मला माहीत होतं की तू पळी माझ्या हातावर धरशील. धरलीस. आणि मी तुझाच हात उलटा करून त्यावर थेंब घातला, तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस जसं मी तुझ्याकडून चोरी करवून घेतेय. तू चाटलंस. "मला कळत नाही," म्हणालीस. मी म्हटलं, कळेपर्यंत चाट. मग तू मीठ घातलंस, मग पुन्हा घातलंस, आणि ते इतकं खारट झालं की आपण दोघींनी भातात कालवून, वर दही ओतून, रडत-हसत खाल्लं. सगळं खाल्लं. माझ्या या स्वयंपाकघरातलं ते शेवटचं चांगलं जेवण. त्यानंतर मी शेगडीसुद्धा देऊन टाकली.

आता यमुनेच्या हाती ही वाटी पाठवतेय. उघडून बघ, आत काही नाही. विसरले नाही, मुद्दाम रिकामी पाठवलीय. माझी आई वर बसून मला शिव्या देत असेल, कारण आमच्या घरात असं कधीच झालं नाही. पण मी भरून पाठवली तर तू ते खाशील, वाटी घासशील आणि खिडकीशी पालथी घालून मला परत काय द्यायचं याचा विचार करत बसशील. मला ओळखतेस, तशी मी तुला ओळखते. मला काही परत नको. ही वाटी तुझी. तुझ्या वाट्यांत मिसळ, आणि रोज हिच्यात स्वतःसाठी वाढून घे. माझ्यासाठी नाही, चंद्रहासभाऊजींसाठी नाही. स्वतःसाठी.

विमानतळावर येऊ नकोस. मला चालवणार नाही आणि तुला बघवणार नाही.

तुझी,
कॅथरिन


चंदनसार
९ फेब्रुवारी २०२६

प्रिय कॅथरिन,

मेलबर्नचा पत्ता क्षितिजाने शर्लीला विचारून दिला. त्यात एवढे आकडे आहेत की मी आधी बेरीज करून पाहिली.

तुझी वाटी यमुनेने दारात दिली आणि म्हणाली, "रिकामी हाय, टीचरनी सांगितलंय रिकामीच दे." मी तुझ्यावर इतकी भडकले की चहासुद्धा विचारला नाही तिला. तू जाण्याआधी फोन करून भांडणार होते. नंबर लावला, पहिली रिंग गेली आणि ठेवून दिला. मग तुझं विमान गेलं आणि माझ्याकडे वाटी राहिली, ओट्यावर, तोंड वर करून. पालथी घालायला दोनदा हात गेला.

कितीतरी दिवस तशीच होती. डबा यायचा, मी डब्याच्या झाकणातच जेवायची. वर्गातून घरी आले की तिच्याकडे न बघता चित्र काढायची. चित्र काय काढणार, तीच दिसायची. आपल्याच घरात चोरासारखी वावरणारी बाई बघायची असेल तर तेव्हा यायला हवं होतंस.

आज सोमवार. पिवळी भाजी. झाकण उघडलं आणि वास आला, आणि मला एकदम, कसं सांगू, कंटाळा आला. दुःख नाही गं. नुसता कंटाळा, जसा रोज तोच निबंध तपासताना तुला यायचा तसा. मी शेगडीवरची फळी उतरवली. पेन्सिली खिडकीत ठेवल्या. तूरडाळ धुतली. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी दचकले, एवढी सवय गेलीय. वरणाला उकळी आली, हिंग, हळद, गूळ, मीठ. पळी भरली. वळले नाही असं म्हणणार होते, पण वळले. फ्रिजच होता. मग पुन्हा शेगडीकडे वळले, माझ्या तळहातावर थेंब घातला आणि चाटलं. चटका बसला. मीठ कमी होतं. मला कळलं, कॅथरिन, की कमी आहे! घातलं, पुन्हा चाखलं, आणि मोठ्याने म्हणाले, "पुरे." स्वयंपाकघरात आवाज माझाच होता आणि मला तो चालला. थोडी रडले. गॅस बारीक करून रडले, वरण उतू जाऊ नये म्हणून.

भात झाला. तुझ्या वाटीत वरण घेतलं, वर तुपाची धार सोडली. उन्हात तुपाचे गोल असे चमकत होते की उन्नतीने पाहिले असते तर म्हणाली असती, काकू, हेच, हेच काढा. खिडकीत पेन्सिली होत्या, कागद होता, फळी मांडीवर घेता आली असती. तुला हवं होतं तसं भरलेल्या वाटीचं खरंखुरं चित्र झालं असतं.

पण पाकिटात शोधू नकोस. नाही काढलं. मला भूक लागली होती.

तुझी,
सीमा